जपानमधल्या निरोपाला सोलापुरी माल: नॅपकिन, पंचा, चादर आणि शेंगाचटणी

शाळेतल्या सहकाऱ्यांना नॅपकिन, उन्हाळी भटकंतीच्या सोबत्यांना पंचा, आणि ज्या घरानं वर्षभर जेवू घातलं त्या एका घराला चादर. जपानमध्ये शिकवायला गेलेल्या सोलापूरकरानं निरोपाची खरेदी या हिशोबानं करावी. घरून मात्र भलताच आग्रह होतो आणि बॅगेत चार चादरी कोंबल्या जातात. एक सिंगल चादर सव्वा-दीड किलोची, म्हणजे चार चादरींत २३ किलोच्या बॅगेचा पाव हिस्सा तिथंच गेला. शिवाय तिकडे चार हा आकडा अशुभ मानतात.

आधी वेळेचं गणित. १९८७पासून चालू असलेल्या जेट योजनेत, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणाऱ्या जपानी सरकारी योजनेत, करार वर्षावर्षाचे असतात, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि ते साधारण जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात. शाळेचं पहिलं सत्र मात्र जुलैच्या वीस तारखेच्या आसपासच संपतं. त्यानंतर शिक्षक शिबिरं, खेळांचे सामने, सुट्ट्या यांत पांगतात आणि सगळे एकत्र सापडत नाहीत. त्यामुळे सोलापुरातून माल मागवायचा असेल तर तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात हातात पडायला हवा. तिकडच्या उन्हाळी सुट्टीत घरचं कुणी येणार असेल तर त्याच्याकडून मागवू म्हणून थांबू नका, तोवर स्टाफरूम रिकामी झालेली असते.

स्टाफरूममध्ये निघणाऱ्यानं प्रत्येकाच्या टेबलावर काहीतरी छोटं, सुटं बांधलेलं ठेवायची पद्धत आहे. महागडं दिलं तर घेणारा अवघडतो, कारण परतफेड करणं त्याला भाग पडतं. इथं सोलापुरी नॅपकिन चपखल बसतो. जपानच्या पुष्कळ सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो, म्हणून छोटा टॉवेल बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये असतोच. दिलेली वस्तू दुसऱ्या दिवसापासून वापरात येते, हे मोलाचं.

माप दोनच बघा. १२ बाय १२ इंची चौकोनी रुमाल टॉवेल आणि १६ बाय २४ इंची नॅपकिन. टेरीचं, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या कापडाचं, वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असं सांगतात. ३५०चा माल धरला तर चौकोनी नग सुमारे ३२ ग्रॅम आणि मोठा सुमारे ८७ ग्रॅम भरतो. चाळीस जणांची स्टाफरूम असेल तर चौकोनी नगांचे सव्वा किलो, मोठ्यांचे जवळजवळ साडेतीन किलो. आम्ही चौकोनीच सुचवू, तोच खिशात मावतो. ३० बाय ६० इंची आंघोळीचा टॉवेल कुणालाच नेऊ नका. ४०० जीएसएमला तो सुमारे ४६५ ग्रॅम होतो. जपानी घरातला साधारण ६० बाय १२० सेंटीमीटरचा असतो, त्याच्यापुढे हा अवाढव्य. तिथल्या गॅलरीतल्या चिमट्यांच्या स्टँडवर तो मावत नाही, आणि जून-जुलैच्या पावसाळी दमटपणात दोन दिवस ओला राहून वास मारतो.

दुकानात काय तपासायचं? पहिली गोष्ट रंग. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून गडद पट्टीवर जोरात घासा. मरून, गडद निळा आणि काळा हे तीन रंग जास्त सुटतात. सुटलेला रंग पुढे मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पक्का होत नाही, कोणी कितीही सांगो. मग कडा बघा: चारही बाजूंना दुमड हवी आणि कोपऱ्यात टाका उलटा फिरवलेला हवा, नाहीतर यंत्रातल्या तिसऱ्या धुण्याला कोपरा उसवतो. नंतर तळवा एकाच दिशेनं दाबून फिरवा. हाताला सुट्या तंतूंचा भुसा लागला तर तो माल परत ठेवा. नवा टॉवेल पाणी टिपत नाही ही तक्रार नेहमीची आहे, पण तो दोष कापडाचा नसतो. विणताना दिलेली खळ आणि शेवटचं सॉफ्टनर अंगावर असतं, दोन-तीन धुण्यांत ते जातं. भेटीचा माल धुवून देता येत नाही. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत जपानीतून दोन ओळी टाका: पहिल्यांदा वेगळं धुवा, सॉफ्टनर घालू नका.

रंग फिका घ्या, पण पांढराशुभ्र नको. पांढरा रुमाल तिकडे मृताचा चेहरा झाकण्याशी जोडला जातो. फिका हिरवा, आकाशी किंवा हळदी उत्तम.

खरेदी नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत होते, पण पन्नास नगांच्या वर घ्यायचे असतील तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत थेट कारखान्याच्या विक्री केंद्रावर जा. तिथं एकाच लॉटचा माल मिळतो, दोन डझनांत रंगाची छटा बदलत नाही. भाव नगावर विचारू नका, डझनाचं वजन करून किलोवर काढा. स्वस्त दिसणारा नग बहुतेक वेळा विरळ विणीचा असतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकणारी दुकानं शहरातच आहेत, तेव्हा लेबलावर उत्पादकाचा सोलापूरचा पत्ता वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंच्याचं कौतुक मात्र कमी होतं, आणि ते खटकतं. जपानच्या उन्हाळी सहलीत त्याच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामायिक स्नानगृहात, टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. तो घडी करून डोक्यावर ठेवतात, आणि बाहेर येताना कपडे बदलायच्या खोलीत शिरण्याआधी त्यानंच अंग कोरडं करतात. इथं टेरी नॅपकिन हरतो: ओला झाला की जड होतो, पिळला तरी पाणी धरतो, पाठ घासायला लांबी पुरत नाही. पातळ सुती पंचा एका पिळात मोकळा होतो आणि बॅगेला अडकवला तर पुढच्या स्टेशनापर्यंत सुकतो. त्याच पंच्यात जेवणाचा डबा बांधा, तोच उन्हात मानेवर घ्या. फक्त पूर्ण मापाचा पंचा मोठा पडतो. शिंप्याकडून मधोमध कापून कडा शिवून घ्या, एकात दोन भेटी होतात.

फुजीच्या चढाईला पंचा न्या, चादर अजिबात नको. ३,७७६ मीटरवर ऑगस्टातही पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि घामानं भिजलेलं जाड सुती कापड अंग आणखी गार करतं.

चादरीची खरी जागा नदीकाठ. नागाओका शहराची आतषबाजी दरवर्षी २ आणि ३ ऑगस्टला शिनानो नदीवर होते, आणि गावोगावी तशा लहानमोठ्या असतातच. लोक दुपारीच निळी प्लास्टिकची ताडपत्री टाकून जागा धरतात. त्या ताडपत्रीवर सोलापुरी चादर अंथरली की तीन-चार जण तास न् तास आरामात बसतात. खाली ताडपत्री हवीच, नाहीतर गवताचा ओलावा चादर शोषून घेते. घरातही ती चालते: ६० बाय ९० इंच म्हणजे साधारण १५२ बाय २२९ सेंटीमीटर. जपानी लोक उन्हाळ्यात टॉवेलच्या कापडाचं जे पांघरूण घेतात ते १४० बाय १९०चं, त्यापेक्षा आपली लांब-रुंद, आणि दोन्ही बाजूंनी उलट रंगात दिसते. अडचण धुण्याची. घरचं छोटं यंत्र भिजलेली चादर फिरवताना धडधडतं, तेव्हा कॉइन लाँड्रीतलं, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानातलं, मोठं यंत्र वापरायला सांगा. वाळवणी कमी तापमानावर, नाहीतर सूत आटतं.

शेंगाचटणी दोस्तांच्या मेजवानीला द्या, स्टाफरूममध्ये वाटू नका. उघडली की लसणाचा वास खोलीभर फिरतो. मोठं कारण ॲलर्जीचं आहे. शेंगदाणा जपानमध्ये पाकिटावर सक्तीनं जाहीर करायच्या घटकांपैकी एक आहे, अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, सोबा (कुट्टू) आणि अक्रोड यांच्या बरोबरीनं. विद्यार्थ्यांच्या हातात तर ती जाऊच नये. ज्यांना चालते त्यांना थंड तोफूवर (सोयाबीनच्या पनीरवर) किंवा काकडीवर चमचाभर घालून द्या. भाकरीबरोबर खातो तेवढी वाढली तर तिखटानं डोळ्यांत पाणी येईल. उखळात कुटलेली चटणी तेल सोडते, त्यामुळे साधी प्लास्टिक पिशवी प्रवासात गळते. शंभर-शंभर ग्रॅमची व्हॅक्यूम पाकिटं करून घ्या, प्रत्येक पाकीट आणखी एका पिशवीत घाला आणि चेक-इन बॅगेतच ठेवा. झणझणीत पदार्थ हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला अडकतात. पाकिटावर कुटल्याची तारीख, आणि शेंगदाणा, मिरची, लसूण, जिरं, मीठ एवढे घटक जपानी लिपीत छापून चिकटवा. शेंगदाण्याचं नाव सगळ्यांत वर, ठळक.