गरीब आरोपीचे अपील: लोकअभिरक्षक की पॅनेलवरील वकील?

कैद्याला निकालपत्राची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातील हॉस्कॉट प्रकरणात स्पष्ट केले. हे काम करू इच्छिणाऱ्या वकिलापुढे आज दोन वाटा आहेत.

लोकअभिरक्षक, म्हणजे गरीब आरोपींच्या बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला वकील, जिल्ह्यात पूर्णवेळ, ठरावीक मानधनावर काम करतो. दंडाधिकाऱ्यांच्या निकालांवरील अपिले तो सत्र न्यायालयात चालवतो. खाजगी वकिली त्याला वर्ज्य असते, पण पक्षकार जवळ असतो.

उच्च न्यायालय विधी सेवा समितीच्या पॅनेलवरील (यादीतील) वकिलाकडे मात्र जन्मठेपेसारख्या शिक्षांची अपिले येतात. तिथे नवा पुरावा क्वचितच येतो. उलटतपासणीतील एखादे उत्तर, पंचनाम्यातील विसंगती किंवा परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीतील निसटलेला दुवा यांवरच सारे अवलंबून असल्याने पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा संच) पुन्हापुन्हा वाचावे लागते, आणि प्रकरणागणिक मिळणारी फी त्या श्रमांच्या मानाने तुटपुंजी असते. त्याहून गंभीर म्हणजे, नाशिकरोड कारागृहात असलेल्या कैद्याची मुंबईतील आपल्या वकिलाशी भेट होणे अवघड असते.

नवोदिताने आधी लोकअभिरक्षक कार्यालयात काम करावे, असे माझे मत आहे. खटला कसा घडतो हे पाहिलेल्या वकिलालाच अभिलेखातील उणीव लवकर दिसते.