जॉब चार्नॉकचे थडगे, कोलकाता : एका शिलेसाठी काढावा असा तास

कोलकात्यात लोकभवनाजवळ (पूर्वीचे राजभवन) सेंट जॉन्स चर्च आहे. त्याच्या आवारात वायव्येच्या कोपऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील प्रतिनिधी जॉब चार्नॉक याचे अष्टकोनी थडगे उभे आहे. आम्ही ज्या सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तिने या साऱ्या आवारासाठी जेमतेम वीस मिनिटे राखली होती आणि ‘कलकत्त्याचा संस्थापक इथे पुरला आहे’ एवढ्या एका वाक्यात मार्गदर्शकाने विषय आटोपला. ते मनाला लागले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच पुन्हा गेलो आणि तासभर थांबलो.

चर्चचे लोकार्पण 1787 सालचे. थडगे मात्र त्याहून सुमारे नव्वद वर्षांनी जुने आहे. चार्नॉकचा जावई चार्ल्स आयर याने ते 1695 च्या सुमारास बांधून घेतले. बांधणी साधी, कमानींची आणि प्रमाणबद्ध आहे, पण येथे यावे ते आतल्या शिलेसाठी. ही काळसर शिला मद्रासजवळच्या पल्लावरमहून आणलेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील थॉमस हॉलंड यांनी 1893 मध्ये तिचा अभ्यास मांडला आणि या जातीच्या खडकाला चार्नॉकवरूनच ‘चार्नोकाइट’ हे नाव मिळाले. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ हेच नाव वापरतात. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती प्रथम ओळखीची वाटते, पण जवळ वाकून पाहिले की फरक कळतो : आपला बेसाल्ट बारीक पोताचा, तर हा दगड दाणेदार, किंचित तेलकट चमकेचा, भूकवचाच्या खोल पोटात प्रचंड उष्णतेत घडलेला.

शिलेवरचा लेख लॅटिनमध्ये आहे, त्यामुळे भाषांतर सोबत नेले नाही तर येथील निम्मा ऐवज हाती लागत नाही. त्यात चार्नॉकला बंगालमधील इंग्रजांचा अत्यंत सुयोग्य प्रतिनिधी म्हटले आहे आणि आपल्या नसलेल्या भूमीत दीर्घकाळ भटकून तो आपल्या शाश्वत घरी परतला, असे सांगितले आहे. शहर वसवल्याचा एक शब्दही त्यात नाही. चार्नॉक 24 ऑगस्ट 1690 रोजी सुतानुटीला उतरला, हे खरे. पण सुतानुटी, गोविंदपूर आणि कालिकाता ही गावे आधीपासून नांदती होती आणि त्यांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याकडून 1698 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, मिळाले. चार्नॉकला शहराचा संस्थापक मानू नये, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने 2003 मध्ये दिला. मार्गदर्शकाने दगडावरचे शब्द जरी वाचून दाखवले असते, तरी ते वाक्य त्याच्या तोंडी आले नसते.

मृत्यूचा दिनांक 10 जानेवारी 1692 असा कोरला आहे. त्या काळी इंग्रजांचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, म्हणून आजच्या हिशेबाने ते 1693 ठरते. खाली त्याच्या थोरल्या मुलीचा, मेरीचा, उल्लेख येतो आणि तिथे मात्र कोरणाऱ्याने 1696-7 अशी दोन्ही वर्षे दिली आहेत. धाकटी मुलगी कॅथरिन हिची शिलाही येथेच आहे. एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच बाळंतपणात ती गेली, हे वाचताना मी बराच वेळ तिथून हललो नाही. बापाच्या पदाचा लेख वाचून माझ्या मनात असे काहीच हलले नव्हते.

बादशहा फर्रुखसियरवर उपचार करणाऱ्या विल्यम हॅमिल्टन या शल्यवैद्याचीही शिला आत आहे. तिच्यावरचा फारसी मजकूर चुकवू नये.

जाणाऱ्यांनी सकाळीच जावे, कारण तिरप्या उजेडात अक्षरे स्पष्ट उठून दिसतात. सहलीबरोबर गेलात, तर या आवारासाठी निदान एक तास आधीच मागून घ्यावा.