गंगापूर रोडवरचा सर्बो-क्रोएशियन वर्ग: ‘इचि’ नीट चालवता येतं का?

क्रोएशिया-सर्बियात कामाला निघालेल्या नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या फिटर-वेल्डरांसाठी रविवारी सकाळी दीड तासाचा हा वर्ग चालतो. तिसरा धडा ‘इचि’चा, म्हणजे ‘जाणे’. भाषेत पाऊल टाकायचं तर हेच क्रियापद आधी हवं, त्यामुळे निवड उत्तम.

वर्तमानकाळ पाढ्यासारखा घोकून घेतात: इदेम, इदेश, इदे, इदेमो, इदेते, इदु. पंधरा मिनिटांत तोंडात बसतो. ‘इदेमो’ला सरळ ‘चला’ आणि ‘काको इदे?’ला ‘कसं चाललंय?’ सांगतात, तेही अगदी चोख. रशियनमध्ये पायी जायला एक आणि वाहनाने जायला दुसरं क्रियापद लागतं. इथे बसने गेलात तरी ‘इदेम’च.

घोटाळा भूतकाळात होतो. नोट्स इंग्रजीतून आहेत, त्यामुळे सहा रूपांचा तक्ता उगाच डोंगर वाटतो. मराठीत तो तयारच आहे! गेला, गेली, गेलं: इशाओ, इश्ला, इश्लो. गेले, गेल्या, गेली: इश्लि, इश्ले, इश्ला. ‘ती गेली’ आणि ‘मुलं गेली’ यांत आपलं रूप एकच, तसंच त्यांचंही: ‘ओना ये इश्ला’, ‘देत्सा सु इश्ला’ (‘देत्सा’ म्हणजे मुलं; ‘ये’, ‘सु’ आणि पुढे येणारं ‘साम’ ही ‘आहे’ची रूपं). पुरुष ‘इशाओ साम’ म्हणतो आणि बाई ‘इश्ला साम’, जसं आपलं गेलो-गेले. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं तर अर्धा तास वाचेल.

त्या वाचलेल्या वेळात ‘साम’ची जागा घोटून घ्यायला हवी. ‘मी शाळेत गेलो आहे’ या वळणाने मुलं ‘या उ श्कोलु इशाओ साम’ म्हणतात (‘या’ म्हणजे मी). ‘साम’ वाक्यात दुसऱ्या जागी बसतो: ‘या साम इशाओ उ श्कोलु’. ‘या’ गाळला तर ‘इशाओ साम’. ‘साम’ने वाक्य सुरू करायचं नाही.

दुसरी हमखास चूक आपल्या ‘-त’मुळे. शाळेत जातो, शाळेत आहे, दोन्हीकडे ‘शाळेत’. तिकडे जाताना ‘इदेम उ श्कोलु’, पोहोचल्यावर ‘उ श्कोलि साम’. वर्गात हा फरक एका ओळीत उरकला, आणि सरावात निम्म्याहून जास्त जण तिथेच अडकले.

सर्बियातलं बेलग्रेड आणि क्रोएशियातलं झाग्रेब यांच्या बोलण्यातला फरक मात्र सुंदर समजावला. ‘मला जायला हवं’ हे बेलग्रेडला सहसा ‘मोराम दा इदेम’, झाग्रेबला ‘मोराम इचि’. आगगाडीने जायचं तर बेलग्रेडला ‘वोझोम’, झाग्रेबला ‘व्लाकोम’. भविष्यकाळ दोन्हीकडे ‘इचि चु’.

रोमन लिपीतल्या छापील कागदाकडे लक्ष द्यावं. त्यातला ‘सी’ पाहून मुलं ‘देत्सा’चं ‘डेका’ करतात. तो ‘चोर’मधल्या ‘च’च्या जवळचा आहे, एवढं सांगितलं की प्रश्न मिटतो.

वर्ग जरूर लावावा. फक्त ‘ओतिचि’, म्हणजे ‘निघून जाणे’, पाचव्या धड्यापर्यंत लांबवू नये असं सरांना सुचवावं. त्याचं वर्तमान रूप ‘ओदेम’ दिसायला ‘इदेम’चं भावंड, पण ‘आत्ता निघालोय’ म्हणताना ‘साद ओदेम’ चालत नाही, ‘साद इदेम’ म्हणतात. दोन्ही रूपं एकाच रविवारी शेजारी मांडली तरच ती वेगळी राहतात.