जुन्या पुअर चहाच्या नावाखाली ग्वांगचौमध्ये झालेली फसवणूक

दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये चीनमधील ग्वांगचौ शहरात भरणाऱ्या कँटन फेअर या व्यापार प्रदर्शनाला महाराष्ट्रातून अनेक लहानमोठे उद्योजक जातात, आणि प्रदर्शन आटोपल्यावर दुभाष्याच्या सांगण्यावरून चहाच्या दुकानातही शिरतात. अशाच एका दुकानात ‘जुना पुअर’ म्हणून माझ्या गळ्यात जो माल मारण्यात आला, त्याची हकीकत सविस्तर लिहीत आहे, कारण ही फसवणूक चहा चाखून ग्राहकाची खात्री पटल्यानंतर सुरू होते.

पुअर हा युन्नान प्रांतातील चहा. आसाममध्ये लावतात त्याच मोठ्या पानाच्या जातीची पाने कढईत परतून, वळून उन्हात वाळवतात आणि वाफवून, दाबून त्यांची गोल चकती करतात. चकती ठरावीक ३५७ ग्रॅमची असते, आणि अशा सात चकत्यांचा गठ्ठा बांबूच्या वाळलेल्या सालपटात बांधतात. यातला कच्चा चहा वर्षानुवर्षे मुरत जातो, म्हणून त्याच्या वयाला मोल असते. दुसरा प्रकार मुद्दाम पिकवलेला; त्यासाठी पानांचे ओलसर ढीग झाकून, अधूनमधून उलथून, सुमारे दीड महिन्यात ती काळपट केली जातात. कुनमिंगमध्ये १९७३ साली बसवलेली ही पद्धत पूर्णपणे प्रामाणिक आहे आणि तो चहा लोक आवडीने पितात. मात्र दीड महिन्यात पिकवलेला माल वीस वर्षे मुरलेला कच्चा चहा म्हणून विकणे, ही उघड लबाडी आहे.

दुकानदार अतिशय अदबीने वागत होता. मंगहाय तालुक्यातील बुलांग डोंगरावरच्या लाओ बानझांग या गावच्या जुन्या झाडांचा, २००३ सालचा कच्चा चहा म्हणून त्याने एक फोडलेली चकती पुढे ठेवली आणि झाकणाच्या वाटीत तिचा चहा करून पाजला. रंग मधासारखा होता, आधी जाणवलेला कडवटपणा घशात उतरताना गोड होत होता, आणि तो चहा खरोखरच उत्तम होता. विकत दिला तो मात्र बांधलेला गठ्ठा. ‘उघडला तर मुरलेला वास उडेल’ असे सांगून त्याने तो शेवटपर्यंत सोडू दिला नाही. सात चकत्यांचे ८,४०० युआन मोबाइलवरून एका खासगी खात्यात गेले, आणि हाती आलेल्या चिठ्ठीवर ‘चहा’ एवढेच लिहिलेले होते.

गठ्ठा सोडल्यावर प्रत्येक चकतीच्या पाठीवर लांबसडक, रुपेरी कोंबांची पाने व्यवस्थित पसरलेली दिसली. चहाची सुई आत घालून कड उचकटताच खाली काळा चुरा निघाला. तो टाकताच गरम पाणी क्षणात काळेकुट्ट झाले, आणि भिजलेले पान बोटांत उलगडण्याऐवजी त्याचा लगदा झाला. वेष्टनावर साल २००३ छापले होते, पण अन्न-उत्पादन परवान्याचा क्रमांक ‘एससी’ने सुरू होत होता, आणि असे क्रमांक चीनमध्ये ऑक्टोबर २०१५ पासूनच दिले जाऊ लागले. एवढा एक पुरावा पुरेसा होता.

पुढे मंगहायकडच्या, स्वतः चहा करणाऱ्या, हानी नावाच्या जमातीतील एका बाईंना मी ती चकती दाखवली. वरची पाने चांगली, आतला माल पिकवलेला आणि तोही मळ्यातला भुकटा, असे त्यांनी भिजलेला चोथा चिमटीत धरूनच सांगितले. त्यांनी भावाचाही हिशेब मांडला. मला पडलेला दर किलोला साधारण ३,३६० युआन होतो, आणि लाओ बानझांगच्या जुन्या झाडांची वसंतातली ताजी, न दाबलेली पानेसुद्धा गेली काही वर्षे त्याहून कितीतरी चढ्या भावाने जात आली आहेत. ‘आमचीच पाने विकायला आता आम्हाला झाडावर चढल्याचा व्हिडिओ दाखवावा लागतो,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण उंच झाडांवर चढून पाने खुडणाऱ्या आणि तापलेल्या कढईपुढे उभे राहणाऱ्या माणसांचे नाव दुसराच कोणी विकतो, आणि अविश्वास मात्र त्यांच्या वाट्याला येतो.

आकड्यांनीही दिशाभूल केली जाते. ७५४२ या प्रसिद्ध पुअरच्या क्रमांकातील ७५ हे मिश्रण ठरवल्याचे साल आहे, ४ ही पानाची प्रत आणि २ हा कारखान्याचा अंक. तरीही तो चहा १९७५ सालचाच आहे, असे परक्या ग्राहकाला सांगितले जाते.

चिनी ग्राहक कायद्यातील १५ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार फसवून विकलेल्या मालाची किंमत परत मिळते आणि शिवाय तिच्या तिप्पट, किमान ५०० युआन, भरपाई मागता येते. तक्रारीसाठी १२३१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र हा माल आपला नव्हेच, असे दुकानदाराने म्हटल्यावर माझ्या चिठ्ठीला काही किंमत उरली नाही. म्हणून ‘फापियाओ’ हे अधिकृत करबिल घ्यावे आणि त्यावर चहाचे साल, कच्चा की पिकवलेला आणि गावाचे नाव लिहून घ्यावे. जो गठ्ठा घ्यायचा तोच समोर सोडायला लावावा, त्यातील आपण निवडलेली चकती मधोमध फोडून तिचाच चहा करून घ्यावा आणि भिजलेली पाने उलगडून पाहावीत. दुकानदार याला तयार नसेल, तर चाखलेल्या चहाचे काही द्यायचे असल्यास ते देऊन तेथून निघावे.