डी अँड डी ३.५ चे खास धातू: काय चांगलं, कुठे फसगत आणि नवा धातू कसा घडवावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची ३.५ आवृत्ती २००३ साली आली. तिचे मूळ नियम सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट म्हणून फुकट वाचता येतात. त्यातच खास धातूंचं एक छोटंसं प्रकरण आहे. आपल्या मोहिमेसाठी नवा धातू काढायचा असेल तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आधी हे प्रकरण घोटून घ्यावं. त्यातला एक धातू अप्रतिम आहे, एक धोकादायक आहे, आणि बाकीचे कामापुरते.

अप्रतिम म्हणजे कोल्ड आयर्न. जमिनीत खोल सापडणारं हे लोखंड कमी आचेवर घडवतात, नाहीतर त्याचा गुण जातो. डिमन (राक्षस) आणि फे (परीलोकातले जीव) यांच्यावर ते चालतं. किंमत साध्या शस्त्राच्या दुप्पट, म्हणजे १५ सुवर्णनाण्यांची लाँगसोर्ड ३० ला. पहिल्या लेव्हलच्या पात्रालाही परवडेल. खरी गंमत पुढे आहे: या लोखंडावर जादू चढवायची तर नेहमीच्या खर्चावर २,००० नाणी जास्त मोजावी लागतात. धातू स्वस्त, पण जादूला नाखूश. एवढ्या एका आकड्यातून त्याला स्वभाव मिळाला आहे. नव्या धातूला असाच एक हट्ट हवा. नुसता ‘+२ डॅमेज’ (घावाची इजा दोनने जास्त) दिला तर तो धातू राहत नाही, बेरीज होते.

चांदीचं गणितही नेटकं आहे. पोलादावर चांदी चढवायला हलक्या शस्त्राला २०, एकहातीला ९० आणि दोनहातीला १८० नाणी जास्त लागतात, आणि प्रत्येक घावाला डॅमेज एकने कमी होतं. जन्मजात वेअरवुल्फला (लांडगा होणाऱ्या माणसाला) १० चं डॅमेज रिडक्शन असतं, म्हणजे चांदी नसेल तर प्रत्येक घावातून १० वजा होतात. योद्ध्याच्या ताकदीचे ३ धरले तर साध्या लाँगसोर्डचा घाव ४ ते ११ पडतो. म्हणजे आठ बाजूंच्या फाशावर ८ आला तरच त्याला जेमतेम एक ओरखडा. चांदीची तलवार सरासरी साडेसहा देते. शिवाय कोल्ड आयर्न, अ‍ॅडमंटाइन किंवा मिथ्रलवर चांदी चढत नाही, हा नियम फार शहाणपणाचा आहे. एकाच पात्यात सगळ्या किल्ल्या आल्या की मोहिमेपूर्वी शत्रूची चौकशी करायला कुणी जाणार नाही.

मिथ्रल चिलखतासाठी घ्या, शस्त्रासाठी नको. १,१०० नाण्यांचा मिथ्रल शर्ट हलका असतो, हालचालीला आडवा येत नाही आणि जादूगाराची मंत्र चुकण्याची शक्यता साध्या साखळीच्या शर्टाच्या २० वरून १० टक्क्यांवर आणतो. तलवारीत मात्र पौंडाला ५०० नाणी मोजून निम्मं वजन मिळतं, आणि घावात काहीच फरक पडत नाही.

आता अ‍ॅडमंटाइन. ३,००० नाणी जास्त मोजली की २० पेक्षा कमी हार्डनेस (घावातून वजा होणारा कठीणपणा) असलेली कुठलीही वस्तू तो लोण्यासारखी कापतो. गोलेमशी (जादूने चालणाऱ्या पुतळ्याशी) लढताना हे हवंच. पण दोन इंच जाडीचं लोखंडी दार घ्या: हार्डनेस १०, हिट पॉइंट (मोडेपर्यंत सोसायची इजा) ६०. वरच्याच योद्ध्याने साध्या लाँगसोर्डने ते फोडायला घेतलं तर सरासरी ४८० फेऱ्या, म्हणजे ४८ मिनिटं लागतात. तेवढ्यात अख्खा किल्ला जागा होतो. अ‍ॅडमंटाइनची तलवार दर घावाला साडेसात देते: आठ फेऱ्या, ४८ सेकंद. कुलूप, सापळा, चोरवाट, सगळी मेहनत त्या मिनिटात वाया. भिंतींचीही तीच गत, फक्त वेळ थोडा जास्त.

यावर उपाय नियमातच आहे. तलवार देऊ नका, बाण द्या. अ‍ॅडमंटाइनचा बाण ६० नाण्यांना पडतो. बहुतेक गोलेमना तो पूर्ण लागतो, पण लांबून मारलेल्या शस्त्रांचं डॅमेज वस्तूंवर आधी निम्मं होतं. तेच दार साध्या लाँगबोने (लांब धनुष्याने) फोडायचं तर सरासरी तीस बाण, १,८०० नाणी, आणि लागलेला बाण परत मिळत नाही. हिशेब केला की खेळाडू स्वतःच चावी शोधायला लागतात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळं सोपं झालं. तलवारीला चांदी चढवायला तेव्हा सरसकट १०० नाणी लागत, डॅमेज कमी होत नसे. खेळ वेगाने पुढे सरकतो, पण धातूंची चव गेली.

नवा धातू काढताना मागणी आणि किंमत यांच्याआधी पुरवठा ठरवा. याचा उत्तम नमुना आपल्याच इतिहासात आहे. १६२१ मध्ये जालंधरजवळ उल्का पडली. १६० तोळ्यांचं ते लोखंड जहांगीरने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराकडे दिलं. नुसतं घणाखाली घेतलं तर ते टिकेना, फुटू लागलं. मग तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड असा मेळ जमवला आणि त्यातून दोन तलवारी, एक खंजीर, एक सुरी निघाली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

हे ३.५ मध्ये असं बसवावं. हार्डनेस १०, इंचाला ३० हिट पॉइंट, साध्या लोखंडाइतकेच. निव्वळ उल्केचं पातं घडवलं तर हिट पॉइंट निम्मे, आणि हल्ल्याच्या फाशावर १ आला की ते तुटतं. तीनास एक मिसळलं तर हा दोष जातो. गुण एकच द्यावा: ताऱ्यांपलीकडून आलेल्या अ‍ॅबरेशनचं (विचित्र, परक्या जीवांचं) डॅमेज रिडक्शन त्यापुढे चालत नाही. चार पौंडांच्या लाँगसोर्डला तीन पौंड उल्का लागते, एक पौंडाच्या डॅगरला पाऊण पौंड. खेळाडूंना नऊ पौंडांचा दगड सापडू द्या: तीन तलवारी होतील, किंवा दोन तलवारी आणि चार डॅगर. टेबलावर यावरूनच तासभर वाद रंगतो.

घडाईचा नियम बदलू नका. लाँगसोर्डसाठी क्राफ्ट चेक (घडाईच्या कौशल्याचा फासा) १५ चा. पाच किंवा जास्त गुणांनी चुकला तर अर्धा कच्चा माल वाया जातो. साध्या लोखंडात याचं कुणाला सोयरसुतक नसतं. उल्केत मात्र दीड पौंड कायमचं गेलं, आणि बाजारात ते कुणाकडेच नाही. म्हणून चांगला लोहार शोधणं हाच एक स्वतंत्र प्रवास होतो. तो कुठल्या गावात राहतो आणि घडाईच्या बदल्यात काय मागतो, एवढं मात्र खेळाला बसण्याआधी वहीत लिहून ठेवा.