मृत्युंजय की युगान्त? बॅगेत एकच बसणार असेल तर

भाची पुढच्या आठवड्यात परत जर्मनीला चाललीये. भाजणी, मेतकूट, लोणचं सगळं भरून झाल्यावर म्हणाली, मावशी आता एकच पुस्तक बसेल, महाभारतावरचं दे, मृत्युंजय देतेस की युगान्त? मी नेमकी ही दोन्ही गेल्या दोन महिन्यांत पाठोपाठ वाचलीयेत, मृत्युंजय दुसऱ्यांदा आणि युगान्त पहिल्यांदाच, त्यामुळे तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, अजून कोणी अडलं असेल तर उपयोग होईल.

दोन्ही पुस्तकं 1967 सालची. भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती 1919 पासून चालू होती, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघितली आणि 1966 मध्ये ते काम पूर्ण झालं, आणि पुढच्याच वर्षी एकाच भाषेत ही दोन पुस्तकं आली जी एकमेकांच्या पार उलट्या दिशेला जातात, मला हे फार भारी वाटतं. युगान्तमध्ये इरावती कर्वेंनी ती संशोधित आवृत्ती हाताशी धरून, त्यात आहे तेवढंच खरं मानून माणसं तपासली. मृत्युंजयमध्ये शिवाजी सावंतांनी कर्णाच्या मनात शिरून जे व्यासांनी सांगितलंच नाही ते सगळं लिहून काढलं, आणि तेव्हा ते फक्त 27 वर्षांचे होते.

मृत्युंजय सातशेच्या वर पानांची कादंबरी आहे, नऊ भाग, त्यातले चार कर्ण स्वतः सांगतो आणि बाकीचे कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण. भाषा एकदम अलंकारिक, एका उपमेतून दुसरी निघते, गंगेचं पाणी, सूर्याचं ऊन, रथाची चाकं, आणि सवय नसेल तर पहिली शंभरेक पानं जड जातात. पण एकदा लय पकडली की पुस्तक खाली ठेवत नाही. मी कॉलेजात असताना रात्री दोन वाजता रडलेय या पुस्तकावर आणि यावेळीही शोणच्या भागात डोळे भरून आलेच. लहान भाऊ मोठ्या भावाच्या रथामागे धावतो एवढी साधी गोष्ट, पण ती मनातून जात नाही.

युगान्त त्याच्या निम्मंही नाही. कर्वे मानवशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात शिकवायच्या, आणि डॉक्टरेट बर्लिनची (हे ऐकून भाची खूश). एकेका प्रकरणात एकेक माणूस, भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण, आणि वाक्यं छोटी, सरळ. भीष्माचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. आपण लहानपणापासून भीष्मप्रतिज्ञा म्हणजे त्यागाची कमाल असं ऐकतो आणि त्या विचारतात की या त्यागाचा भार कोणावर पडला, अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री, एकेक नाव घ्यायला लागलं की प्रतिज्ञेकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही.

खरी तुलना करायची तर कर्णावर करा. द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढा म्हणणारा कर्णच आहे, व्यासांनी हे स्पष्ट लिहिलंय. सावंत त्या क्षणाच्या आधीचा आयुष्यभराचा अपमान तुम्हाला इतका जवळून दाखवतात की तुम्ही त्याला माफ करायला कारणं शोधायला लागता, मी तरी शोधलीच. कर्वे कारणं समजून घेतात पण सूट देत नाहीत, मी कोण या एका प्रश्नापायी हा माणूस कसा वाकडा होत गेला हे शांतपणे मांडतात, आणि घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनवासातल्या पांडवांना हिणवायला गेले तेव्हा, गंधर्वांसमोरून तो पळाला होता हेही लपवत नाहीत. मला विचाराल तर कर्वेंचा कर्ण जास्त खरा वाटतो आणि सावंतांचा कर्ण जास्त जवळचा.

युगान्त कोरडं असेल अशी भीती असेल तर द्रौपदीचं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. तिथे कर्वे थांबून सांगतात की इथवरचं संशोधित आवृत्तीला धरून आहे, यापुढची माझी नरोटी. ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल असं एकनाथांनी लिहून ठेवलंय, तीच ही करवंटी. आणि मग पर्वतावर कोसळलेली द्रौपदी आणि तिच्याजवळ आलेला भीम, ती त्याला म्हणते पुढच्या जन्मी पाचांत थोरला तू हो. दीडेक पान असेल नसेल, पण सातशे पानांत जे होतं ते तिथे झालं माझं.

म्हणून माझं मत असं, ज्यांनी मोठी मराठी कादंबरी कधी पूर्ण केलेली नाही किंवा मराठी वाचन सुटलंय त्यांनी मृत्युंजय घ्या, गोष्ट तुम्हाला ओढून नेईल. ज्यांना महाभारत टीव्हीवरून पाठ आहे आणि त्यात मुळात काय आहे हे जाणून घ्यायचंय त्यांनी युगान्त. दोन्ही वाचणार असाल तर क्रम पक्का ठेवा, आधी मृत्युंजय मग युगान्त, कारण उलटं केलंत तर सावंतांवर विश्वास ठेवणं अवघड जाईल आणि तो आनंद कशाला घालवायचा. रणजित देसाईंची राधेय, दुर्गा भागवतांचं व्यासपर्व आणि उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं भैरप्पांचं पर्व यांचा नंबर त्यानंतर, पर्ववर तर वेगळंच लिहायला हवं.

भाचीने शाळेतच मृत्युंजय वाचलंय, आजोबांची कॉपी होती, त्यामुळे तिच्या बॅगेत युगान्त गेलं. मेतकुटाच्या डब्याशेजारी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून.