वर्षभरात गेलेल्यांची यादी: विकिपीडिया आणि विकिडेटा कितपत कामाला येतात?

दिवाळी अंकातलं आदरांजलीचं पान, महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका, वाचनालयाचा फलक, साहित्य संमेलनातला श्रद्धांजलीचा ठराव. या सगळ्यांना एकच गोष्ट लागते: वर्षभरात निवर्तलेल्या नामवंतांची बिनचूक यादी. नाव, तारीख, वय, कार्य. बहुतेक ठिकाणी ही यादी वर्तमानपत्रांच्या वर्षअखेरच्या पुरवण्यांवरून उतरवली जाते आणि पहिली फसगत तिथेच होते, कारण त्या पुरवण्यांचा मजकूर डिसेंबर संपायच्या आधीच लागलेला असतो. २०२४ मध्ये श्याम बेनेगल २३ डिसेंबरला गेले, मल्याळम लेखक एम. टी. वासुदेवन नायर २५ ला, मनमोहन सिंग २६ ला आणि जिमी कार्टर २९ ला. आधी छापलेल्या यादीत ही चार नावं येणार कुठून? पुढच्या वर्षीच्या यादीतही ती येत नाहीत, कारण ती यादी जानेवारीपासून सुरू होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलेला माणूस दोन्हीकडून सुटतो.

त्यामुळे फुकट आणि सर्वांना खुली असलेली सेवा म्हणून विकिपीडियाच्या मृत्यूंच्या याद्या आणि त्यांच्या जोडीचा विकिडेटा (माणसांची, गावांची माहिती रकान्यांत साठवणारं खुलं कोठार) यांच्याकडे वळावं लागतं. इथे कसाला लावण्यासाठी २०२४ हे वर्ष घेतलं आहे. अशा याद्या वर्ष संपल्यानंतरही कित्येक महिने भरत राहतात, म्हणून पारख करायला थोडं मागचं, स्थिरावलेलं वर्ष बरं.

सुरुवात इंग्रजी विकिपीडियापासून. ‘डेथ्स इन’ आणि पुढे वर्ष, अशा नावाचं पान शोधायचं. चालू महिना मुख्य पानावर असतो, उलटलेल्या महिन्यांची वेगळी पानं होतात. नोंदीचा साचा ठरलेला आहे: नाव, वय, देश, कशासाठी परिचित, कळलं असेल तर मृत्यूचं कारण आणि शेवटी बातमीचा दुवा. एकेका दिवसाखाली दोन-तीन डझन नावं सहज असतात, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली. या यादीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे नोंद मृत्यूच्या दिवसाखाली होते, बातमीच्या दिवसाखाली नाही. मारुतीमुळे भारतात घरोघरी माहीत झालेले सुझुकी मोटरचे ओसामू सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला वारले, पण कंपनीने ते जाहीर केलं २७ ला. कात्रणांवरून यादी करणारा त्यांना हमखास २७ तारखेला घालेल.

भारतीय नावं वेचायला पानावर कंट्रोल-एफ दाबून ‘इंडियन’ शोधावं. त्यात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली माणसं आणि इंडियानापोलिसचे खेळाडूही अडकतात, ते गाळावे लागतात. भारतात जन्मून दुसऱ्या देशाचे नागरिक झालेलेही याच शोधात सापडतात, त्यांना मात्र गाळण्याची घाई करू नये.

या यादीचा खरा तोटा पुढे आहे. ज्या व्यक्तीवर इंग्रजीत लेख नाही तिचं नाव लाल दुव्याने काही काळ ठेवतात आणि साधारण महिनाभरात लेख झाला नाही, तर नोंद काढून टाकतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला काहीतरी चाळणी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चाळणीतून खाली पडतात ती आपली माणसं: कीर्तनकार, तमाशातले सोंगाडे, दशावतारी नट, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं साप्ताहिक चालवणारे संपादक, एकाच बोलीत लिहिणारे कवी. त्यांच्यावर इंग्रजीत लेख लिहायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून ही यादी वर्षाअखेरीस एकदाच उघडू नये. दर महिन्याला एकदा चक्कर मारावी आणि लाल नावं बातमीच्या दुव्यासकट टिपून ठेवावीत. राहून गेलं असेल तर त्या महिन्याच्या पानाच्या ‘इतिहास’ टॅबमध्ये जाऊन महिना संपतानाची आवृत्ती उघडावी. काढलेली नावं तिथे जशीच्या तशी असतात.

मराठी विकिपीडियावर याच कामासाठी तीन जागा आहेत. ‘इ.स. २०२४’ या पानावरचा ‘मृत्यू’ हा मथळा, प्रत्येक तारखेच्या पानावरचा तसाच मथळा आणि ‘इ.स. २०२४ मधील मृत्यू’ हा वर्ग, म्हणजे एका विषयाखाली येणाऱ्या लेखांची यादी. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्यांना तारखेची पानं ओळखीची असतील. तिन्ही जागा एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कुणी वारलं की लेखात तारीख घालणं, वर्ग जोडणं, वर्षाच्या पानावर ओळ टाकणं आणि तारखेच्या पानावर ओळ टाकणं ही चार वेगळी संपादनं ठरतात, आणि करणारा बहुधा एखादं करून थांबतो. त्यामुळे तिन्ही ठिकाणच्या याद्या जुळत नाहीत. त्यातल्या त्यात वर्गावर भरवसा ठेवावा, कारण तो लेखातूनच भरतो. तिथेही क्रमाचा घोळ होतो. लेखात आडनावानुसार क्रम लावण्याची सूचना असेल, तर प्रभा अत्रे ‘अ’ खाली येतात, नसेल तर ‘प’ खाली. एका अक्षराखाली नाव नाही म्हणून ते वर्गातच नाही असं धरू नये. एकट्या मराठी विकिपीडियाच्या जोरावर यादी पुरी होत नाही, हे मान्य करून पुढे जावं.

विकिडेटा हा या सगळ्यातला सर्वांत ताकदीचा भाग, आणि मराठी संपादकांनी सर्वांत कमी वापरलेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या या कोठारात प्रत्येक व्यक्तीला ‘क्यू’ने सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि प्रत्येक माहितीला ‘पी’ने सुरू होणारा. मृत्युदिनांक पी५७०, जन्मदिनांक पी५६९, जन्मस्थळ पी१९, मृत्युस्थळ पी२०, व्यवसाय पी१०६, नागरिकत्व पी२७. विकिडेटाच्या क्वेरी सर्व्हिसमध्ये या क्रमांकांची सांगड घालून प्रश्न विचारायचा आणि उत्तर तक्त्यात मिळवायचं. प्रश्न लिहिण्याची ही संगणकी भाषा नवी असेल तर तिथल्या ‘उदाहरणे’ या चौकटीतला माणसांविषयीचा एखादा तयार प्रश्न उघडून त्यात बदल करणं सोपं जातं.

प्रश्न लिहिताना चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली वेळेची. उत्तर ६० सेकंदांत आलं नाही तर सेवा प्रश्न सोडून देते. प्रत्येक तारखेतून वर्ष काढून ते २०२४ आहे का, असं तपासायला लावलं की हमखास वेळ संपतो. त्याऐवजी १ जानेवारी २०२४ किंवा नंतरची आणि १ जानेवारी २०२५ च्या आधीची तारीख, अशा दोन सीमा द्याव्यात. काम बरंच लवकर होतं.

दुसरी ठेच १ जानेवारीची. उत्तरात त्या दिवशी अकारण गर्दी दिसते. ज्यांचं फक्त मृत्यूचं वर्ष माहीत आहे त्यांची तारीख ही सेवा १ जानेवारी म्हणून दाखवते, आणि फक्त महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १ तारीख. म्हणून पहिल्या तारखेची प्रत्येक नोंद मूळ पानावर जाऊन पाहावी. तिथे नुसतं ‘२०२४’ असेल तर छापताना तारीख देऊ नये.

तिसरी ठेच एकच माणूस पाच-सहा ओळींत दिसण्याची. व्यवसाय दोन नोंदवले असतील तर ओळी दोन होतात. त्यात १९४७ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदीत ब्रिटिश राज आणि स्वतंत्र भारत अशी दोन नागरिकत्वंही असू शकतात. मग दोन गुणिले दोन, चार ओळी. पहिल्या फेरीत व्यवसाय आणि नागरिकत्व तक्त्यात मागूच नयेत. नाव, क्यू क्रमांक आणि दोन तारखा पुरेत.

चौथी ठेच सर्वांत अवघड: ‘मराठी माणूस’ कोण, हे विकिडेटाला कसं विचारायचं? मातृभाषेचा रकाना आहे, पण बहुतेकांच्या नोंदीत तो रिकामा असतो. जन्मस्थळ महाराष्ट्रात असण्याची अट घातली तर बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथे जन्मलेले सगळे बाहेर राहतात. कसोटीपटू दत्ताजीराव गायकवाड १३ फेब्रुवारी २०२४ ला बडोद्यात गेले. ते अशा अटीत बसत नाहीत. चांगला मार्ग असा की ज्यांच्यावर मराठी विकिपीडियात लेख आहे आणि ज्यांचा मृत्यू त्या वर्षातला आहे, त्यांची यादी मागवावी. तीत कार्टर, अभिनेत्री मॅगी स्मिथ, भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज अशी परदेशी नावंही येऊ शकतात, पण ही नावं स्मरणिकेच्या जागतिक पानाला लागतातच. दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रात जन्मलेल्यांची वेगळी यादी काढून दोन्ही एकत्र कराव्यात आणि क्यू क्रमांकावरून दुबार नावं उडवावीत. नावांवरून उडवू नयेत, कारण लेखनभेद फार आहेत. नावांसाठी आधी मराठी आणि ते नसेल तर इंग्रजी, असा क्रम द्यावा. तो न दिल्यास काही ओळींत नावाऐवजी नुसता क्यू क्रमांक उमटतो.

तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडला तर देवनागरीची खिचडी होऊ शकते. ‘डेटा’ टॅबमधून फाइल आयात करावी आणि अक्षरांच्या संकेतप्रणालीत ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडावं. लिब्रे ऑफिस उघडतानाच विचारतं, त्यामुळे तिथे ही अडचण कमी.

आता तारखांकडे जरा जवळून पाहू. झाकीर हुसेन यांच्या निधनाची बातमी १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री भारतात पसरली, कुटुंबीयांनी ती नाकारली आणि १६ च्या सकाळी निधनाची पुष्टी आली. माहीमला जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत गेला, आणि तिथे तेव्हा १५ तारीखच होती. मराठी मजकुरांत दोन्ही तारखा सापडतात. धरायची ती मृत्यू जिथे झाला तिथली, म्हणजे १५. त्यांच्याच नावावर दुसरा धोकाही आहे. तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन १९६९ मध्ये वारले, आणि त्याच नावाचे एक चित्रपट अभिनेते हयात आहेत. छायाचित्र घेताना क्यू क्रमांक जुळवून घेतला नाही तर हयात माणसाचा फोटो आदरांजलीच्या पानावर लागेल, आणि याहून मोठा अपराध या कामात नाही. ‘झाकीर’, ‘झाकिर’, ‘हुसेन’, ‘हुसैन’ या सगळ्या लेखनांनी शोधून पाहावं.

रात्री उशिरा झालेले मृत्यूही असेच चकवतात. रतन टाटा ९ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईत गेले, पण कात्रणावर ठळक दिसते ती दुसऱ्या दिवशीची तारीख.

वयाची चूक तर जवळजवळ प्रत्येक स्मरणिकेत सापडते, कारण वर्षातून वर्ष वजा केलं जातं. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ चा, मृत्यू २५ ऑक्टोबर २०२४ चा. वजाबाकी ७२ सांगते, पण पूर्ण झालेली वर्षं ७१. अतुल परचुरे ३० नोव्हेंबर १९६६ ते १४ ऑक्टोबर २०२४, म्हणजे ५७. मनोहर जोशी २ डिसेंबर १९३७ ते २३ फेब्रुवारी २०२४, म्हणजे ८६. उलट बेनेगल वाढदिवसानंतर नऊच दिवसांनी गेले, त्यामुळे तिथे वजाबाकीचं ९० हे उत्तर बरोबर येतं. एक्सेलमध्ये जन्म आणि मृत्यू या दोन रकान्यांवर डेटडिफ सूत्र लावून त्यात ‘वाय’ दिलं की पूर्ण वर्षं मिळतात. ‘वयाच्या ७२व्या वर्षी’ आणि ‘वय ७१’ या दोन्ही पद्धती चालतील, पण एका पानावर एकच ठेवावी.

छायाचित्रांच्या बाबतीत ही सेवा उदार आहे, पण डोळे मिटून घ्यावी अशी नाही. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रभांडारातली चित्रं छापता येतात, बहुतेकांच्या खाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव द्यावं लागतं. पत्र सूचना कार्यालयाचे अनेक फोटो तिथे सरकारी खुल्या परवान्याखाली आहेत, त्यांनाही श्रेय द्यायचं. सापळा इंग्रजी विकिपीडियावर आहे. व्यक्ती हयात नसेल आणि मुक्त फोटो मिळत नसेल, तर तिथे हक्क राखीव असलेला फोटोही लेखापुरता ठेवू देतात. तो तुम्हाला छापता येत नाही. फोटोवर टिचकी मारून फाइल कॉमन्सवर आहे की फक्त इंग्रजी विकिपीडियावर, हे आधी पाहावं. लेखातले परिच्छेद उचलले तर तेही सीसी बाय-एसए ४.० या श्रेयाची अट घालणाऱ्या परवान्याखाली आहेत, श्रेयाविना उचलणं चूकच.

तारखांच्या अचूकपणासाठी पूर्ण गुण विकिडेटाला, पण प्रत्येक तारखेखाली संदर्भ आहे का ते पाहून. नावांच्या व्याप्तीत मराठीसाठी इंग्रजी विकिपीडिया, मराठी विकिपीडिया आणि विकिडेटा हे तिन्ही उणे पडतात. ही उणीव भरून काढणं मात्र वापरणाऱ्याच्याच हातात आहे, आणि म्हणूनच ही सेवा कुठल्याही छापील पुरवणीपेक्षा मोलाची वाटते. विकिपीडियात लेख टिकवायला जेवढं लिहून आलेलं असावं लागतं, तेवढं विकिडेटात नोंद करायला लागत नाही. व्यक्ती स्पष्ट ओळखता आली पाहिजे आणि तिच्याबद्दल गंभीर, जाहीर स्रोत हवा. दैनिकात आलेला सविस्तर मृत्युलेख असा स्रोत होऊ शकतो. ज्या सोंगाड्याचं नाव इंग्रजी यादीतून गळलं, त्याची नवीन नोंद करायची, मराठी नाव आणि एका ओळीचं वर्णन लिहायचं, पी३१ (नोंद कशाची आहे तो रकाना) मध्ये ‘मानव’, मग व्यवसाय, जन्मस्थळ आणि पी५७०. तारखेखाली संदर्भ म्हणून मृत्युलेखाचा दुवा पी८५४ मध्ये आणि तो पाहिल्याचा दिवस पी८१३ मध्ये. तारीख फक्त ऐकीव असेल तर महिना किंवा वर्षच भरावं. आधी नाव सर्व लेखनभेदांनी शोधून नोंद नाही याची खात्री करून घ्यावी. दुबार नोंद झालीच तर ती रिकामी करू नये, विलीनीकरणाची सोय वापरावी, म्हणजे जुना क्रमांकही योग्य पानावर पोचतो.